सहीपुरती देखरेख

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, डॉक्टर नसलेल्या पण डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून रुग्ण तपासणाऱ्या एका वर्गावरून २०२३ पासून मोठा वाद पेटला आहे. या वर्गाचं नाव फिजिशियन असोसिएट. १६ जुलै २०२५ रोजी प्रा. जिलियन लेंग यांनी सरकारने सोपवलेल्या चौकशीचा अहवाल प्रसिद्ध केला आणि वादाला पहिलं अधिकृत उत्तर मिळालं. या लोकांना असोसिएट न म्हणता असिस्टंट म्हणा, त्यांचा पोशाख आणि ओळखपत्र डॉक्टरांहून वेगळं दिसू द्या, प्रत्येकावर नावानिशी एक डॉक्टर जबाबदार ठेवा, अशा एकूण १८ शिफारशी त्यात आहेत. आरोग्यमंत्री वेस स्ट्रीटिंग यांनी त्या सगळ्या स्वीकारल्या. वर्तमानपत्रांचे मथळे नावाच्या बदलावर गेले. माझ्या मते त्या अहवालातलं सर्वांत वजनदार वाक्य वेगळंच आहे : ज्याला काय झालंय हे अजून कुणीच ठरवलेलं नाही, असा रुग्ण या सहायकांनी पाहू नये, पाहायचाच तर राष्ट्रीय पातळीवर स्पष्ट आखून दिलेल्या कार्यपद्धतीच्या चौकटीतच. हे वाक्य तातडीच्या विभागाला लावून पाहिलं की कळतं, प्रश्न नावाचा कमी आणि वेळेचा जास्त आहे. तातडीच्या विभागात देखरेख म्हणजे अनुभवी डॉक्टरचा वेळ. तो वेळ ड्यूटीच्या तक्त्यात तासांनी लिहिलेला नसेल तर बाकीचे नियम कितीही चांगले असोत, रुग्णाला त्यांचा उपयोग नाही. या लेखात मला एवढंच मांडायचं आहे, आणि ते पुराव्यानिशी मांडायचं आहे.

ही कल्पना मुळात अमेरिकेतली. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलात वैद्यकीय मदतनीस म्हणून काम केलेल्या चौघांना घेऊन पहिला वर्ग सुरू केला. जखमा बांधलेले, माणसं मरताना पाहिलेले हात त्यांच्याकडे आधीच होते. त्या हातांना थोडं शास्त्र शिकवायचं आणि एका डॉक्टरच्या कायमच्या सोबतीत कामाला लावायचं, असं ते सूत्र होतं. आज अमेरिकेत अशा सहायकांची संख्या दीड लाखाच्या वर आहे, ते औषधंही लिहून देतात, आणि त्यांच्याभोवती राज्याराज्यांच्या कायद्यांची जुनी चौकट आहे. इंग्लंडने २००३ च्या सुमारास अमेरिकेत शिकलेले काही सहायक वेस्ट मिडलंड्समध्ये आणून प्रयोग केला आणि मग स्वतःचे अभ्यासक्रम सुरू केले. पण इथे सूत्र बदललं. विज्ञान शाखेची पदवी घेतलेला तरुण दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पुरा करतो आणि थेट कामावर येतो. अभ्यासक्रमाच्या मूळ आराखड्यात प्रत्यक्ष रुग्णांजवळचे तास धरले होते १,६००, आणि त्यांतले तातडीच्या विभागासाठी १८०. बारा तासांच्या पाळीच्या हिशेबाने हे १८० तास म्हणजे पंधरा पाळ्या. त्यात हुशार, मेहनती मुलगी किंवा मुलगा पुष्कळ शिकतो. पण पंधरा पाळ्यांत पोटदुखीचे किती चेहरे दिसतील? ज्या अनुभवावर अमेरिकेतली इमारत उभी राहिली तो पाया इथे नव्हता, आणि त्याची भरपाई करणारी देखरेखही कायद्याने कुठे बांधलेली नव्हती. या वर्गाची जनरल मेडिकल कौन्सिलकडे, म्हणजे ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या नियामक संस्थेकडे, नोंदणी सुरू झाली ती १३ डिसेंबर २०२४ ला. म्हणजे सुमारे वीस वर्षं ही मंडळी कायदेशीर नोंदणीशिवायच रुग्ण तपासत होती.

तातडीचा विभाग इतर विभागांपेक्षा वेगळा का, हे नीट समजून घेतल्याशिवाय पुढचा युक्तिवाद उभा राहत नाही. हृदयरोग विभागात येणारा रुग्ण हृदयाचा आहे हे आधी कुणीतरी ठरवलेलं असतं. मधुमेहाच्या ओपीडीत बसलेल्याला मधुमेह आहे हे फाइलवरच लिहिलेलं असतं. तिथे काम असतं पुढच्या उपचाराचं, आणि उपचाराच्या पायऱ्या लिहून देता येतात. कॅज्युअल्टीच्या दारातून मात्र माणूस येतो तो फक्त तक्रार घेऊन : छातीत दुखतंय, चक्कर आली, उलटी झाली, बरं वाटत नाही. अशा शंभर डोकेदुख्यांत बहुतेक साध्या असतात आणि एखादीच्या मागे मेंदूतला रक्तस्राव असतो. पहिल्या पाच मिनिटांत दोघांचे चेहरे सारखेच दिसतात. काय शोधायचं हे ठरवणं हाच तिथे कामाचा सर्वांत अवघड भाग असतो, आणि तो सर्वांत आधी येतो. वरवर पाहता नवख्याने आधी पाहावं आणि गुंतागुंत दिसली तर वरिष्ठाला बोलवावं ही रीत शहाणपणाची वाटते. पण गुंतागुंत दिसणं हेच तर अनुभवाचं काम आहे. ज्याला ती दिसत नाही, तो कुणाला बोलवणारच नाही.

सरे परगण्यातल्या एका मृत्यूने हे फार वेदनेने दाखवून दिलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ७७ वर्षांच्या एका बाईंना तातडीच्या विभागात आणलं गेलं. रक्तमिश्रित उलटी झाली होती, पोटात दुखत होतं. फिजिशियन असोसिएटने त्यांना तपासलं, नाकातून रक्त आल्याचं निदान केलं आणि त्याच दिवशी घरी पाठवलं. प्रत्यक्षात मांडीच्या सांध्याजवळच्या हार्नियात आतडं अडकलं होतं. दोन दिवसांनी त्या परत आल्या, तातडीची शस्त्रक्रिया झाली, आणि त्या वाचल्या नाहीत. मृत्यूची चौकशी करणाऱ्या कोरोनरने नोंदवलं की तपासणी अपुरी होती, पोटदुखी आणि उलटी यांचं गांभीर्य लक्षात आलं नाही, आणि तपासण्यापासून घरी पाठवण्यापर्यंतचा सगळा निर्णय डॉक्टरच्या स्वतंत्र देखरेखीशिवाय झाला. कुटुंबीयांची समजूत होती की आईला डॉक्टरने तपासलं. याआधी, २०२२ मध्ये, लंडनमधल्या ३० वर्षांच्या एका अभिनेत्रीचा फुप्फुसात रक्ताची गुठळी जाऊन मृत्यू झाला होता. तिला तिच्या भागातल्या दवाखान्यात असोसिएटने दोनदा पाहिलं होतं, आणि आपण डॉक्टरकडेच जातोय असं तीही समजत होती. या दोन्ही प्रकरणांत नाव आणि ओळखपत्र यांबद्दलचा आक्षेप खराच आहे. रुग्णाला समोर कोण आहे हे कळण्याचा हक्क आहे. पण समजा त्या ७७ वर्षांच्या बाईंना नीट सांगितलं असतं की मी डॉक्टर नाही, सहायक आहे. त्यांनी काय केलं असतं? मान हलवली असती, आणि निदान तेच झालं असतं. रुग्णाला माहिती दिल्याने हार्निया सापडत नाही. तो सापडायला हार्निया शोधणारी दुसरी नजर लागते.

आता देखरेख प्रत्यक्षात कशी चालते ते पाहू. ब्रिटनमध्ये या सहायकांना औषध लिहून देण्याचा अधिकार नाही, एक्स-रे किंवा सीटी स्कॅन सांगण्याचाही नाही. कागदावर हा भक्कम अडसर वाटतो : प्रत्येक गोळीसाठी आणि प्रत्येक फोटोसाठी डॉक्टरची सही लागणार, म्हणजे डॉक्टरची नजर आपोआप पडणार. व्यवहारात सही वेगळी आणि नजर वेगळी. डॉक्टर दुसऱ्या रुग्णाच्या खाटेशी उभा असतो, सहायक येऊन दोन वाक्यांत हकीकत सांगतो, डॉक्टर प्रिस्क्रिप्शनवर सही करतो. त्याने तो रुग्ण पाहिलेला नसतो. त्याने ऐकलेली असते ती दुसऱ्याने आधीच एका निदानाच्या साच्यात बसवलेली गोष्ट. त्या गोष्टीत जे सांगितलं गेलं त्याचा न्याय तो करू शकतो; पण सांगणाऱ्याने जे तपासलंच नाही ते ऐकणाऱ्यापर्यंत पोचणार कसं? पोट पुरतं तपासलं नाही, जांघेत हात लावला नाही, हे कुणी सांगत नाही, कारण ते करायला हवं होतं हेच त्याला माहीत नसतं. म्हणून तोंडी हकीकतीवर चालणारी देखरेख माहीत असलेल्या अडचणी सोडवते आणि माहीत नसलेल्या तशाच पुढे जाऊ देते. तातडीच्या विभागात जीवावर बेतू शकतं ते या दुसऱ्या प्रकारच्या अडचणींनी.

मग वरिष्ठाने प्रत्येक रुग्ण स्वतः जाऊन पाहायचा ठरवला तर किती वेळ लागेल? समजा बारा तासांच्या पाळीत एक सहायक बारा रुग्ण तपासतो. हकीकत ऐकणं, खाटेपाशी जाऊन स्वतः हात लावणं, अहवाल वाचणं, घरी पाठवायचं की दाखल करायचं हे ठरवणं, याला दहा मिनिटं धरू. ही उदार मोजणी नाही. एका सहायकामागे वरिष्ठाचे दोन तास गेले. विभागात तीन सहायक असतील तर सहा तास, म्हणजे अर्धी पाळी. त्याच वरिष्ठाकडे शिकाऊ डॉक्टरही आहेत, रुग्णवाहिकेतून आलेला अपघातग्रस्त आहे, नातेवाइकांशी बोलणं आहे, वॉर्डात खाट मिळवण्यासाठीचे फोन आहेत. हे सहा तास जर कुणी तक्त्यात वेगळे काढून ठेवले नसतील तर ते येणार कुठून? ते येतच नाहीत, आणि त्यांच्या जागी सही येते. ‘कन्सल्टंट उपलब्ध आहे’ हे वाक्य रुग्णालयांच्या नियमपुस्तकांत फार आवडीने लिहिलं जातं. पण उपलब्ध असणं आणि मोकळं असणं यांत जे अंतर आहे तेवढ्यात एखाद्याचा जीव जाऊ शकतो. जनरल मेडिकल कौन्सिलचं डॉक्टरांना सांगणं असं की काम सोपवलेल्या माणसाच्या प्रत्येक कृतीबद्दल तुम्हाला जबाबदार धरलं जाणार नाही, पण सोपवण्याचा निर्णय सुरक्षित होता का, याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. तत्त्व म्हणून हे रास्त आहे. पण ज्याने सहायक नेमला नाही, तक्ता बनवला नाही, वेळ ठरवला नाही, त्या रात्रपाळीच्या डॉक्टरवर हे उत्तर लादलं जातं, आणि ज्या व्यवस्थापनाने हे सगळं ठरवलं ते वेगळं राहतं.

नियम नव्हते म्हणून हे घडलं, असं म्हणायचीही सोय नाही. ब्रिटनमधल्या तातडीच्या वैद्यकाच्या कॉलेजने (आजचं रॉयल कॉलेज) २०१० मध्येच एक अट घालून दिली होती. २०१६ च्या सुधारणेनंतर तिच्यात चार प्रकारचे रुग्ण होते : तिशीच्या पुढच्या माणसाची मार न लागता उद्भवलेली छातीदुखी, एक वर्षाच्या आतल्या बाळाचा ताप, त्याच दुखण्यासाठी ७२ तासांत पुन्हा आलेला रुग्ण, आणि त्याच सुधारणेत भर घातलेली सत्तरीच्या पुढच्या माणसाची पोटदुखी. या चारांपैकी कुणालाही कन्सल्टंटने, आणि तो नसेल तर अनुभवी वरिष्ठाने, पाहिल्याशिवाय घरी पाठवायचं नाही. ही अट कुणाच्या पदवीवर बेतलेली नव्हती, धोका कुठे दडतो यावर बेतलेली होती, आणि म्हणूनच ती मला आदर्श वाटते. सरेमधल्या त्या बाई वयाने आणि तक्रारीने या यादीत नेमक्या बसतात. पण देशभरच्या तपासण्यांत वारंवार दिसलं की ही अट बऱ्याच विभागांत पाळली जात नाही. कुणाचा विरोध होता म्हणून नव्हे. रात्री दोन वाजता तेवढे वरिष्ठ हात नव्हते म्हणून. इतका नेमका, इतका साधा नियम जर वेळेअभावी कागदावर राहिला, तर त्याहून कितीतरी ढोबळ असलेली ‘नावानिशी देखरेख करणारा डॉक्टर’ ही शिफारस कशी तग धरेल?

वेळेचा हिशेब न करता पदं कशी वाढली, याचं उत्तर पैशांच्या वाटेने सापडतं. २०१९ पासून इंग्लंडमधल्या कुटुंबवैद्यांच्या दवाखान्यांना जादा कर्मचारी घेण्यासाठी सरकारी निधी मिळू लागला. त्यातून पुढे फिजिशियन असोसिएट घेता येत होता, पण ऑक्टोबर २०२४ पर्यंत त्याच पैशांत डॉक्टर घेता येत नव्हता. जून २०२३ च्या मनुष्यबळ आराखड्यात २०३६-३७ पर्यंत असोसिएटांची संख्या १०,००० वर नेण्याचं उद्दिष्ट लिहिलं गेलं. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्यांचे किती तास वाढवावे लागतील याचा तसा आकडा समोर आला नाही. इकडे तातडीच्या विभागांवर चार तासांत रुग्णाचा निकाल लावण्याचं दडपण; ९५ टक्क्यांचं ते उद्दिष्ट इंग्लंडमध्ये जुलै २०१५ नंतर एकदाही गाठलं गेलेलं नाही. अशा घाईत तक्त्यात डॉक्टरची रिकामी जागा दिसली आणि हाताशी सहायक असला, तर तो त्या जागी बसवला जाणं अटळ होतं. सहायक हे डॉक्टरला पर्याय नाहीत असं एनएचएसच्या वरिष्ठांना रुग्णालयांना बजावून सांगावं लागलं, यातच काय चाललं होतं ते आलं. पगाराची रचनाही उलटी होती. २०२३-२४ मध्ये नव्याने लागलेल्या डॉक्टरचा मूळ पगार वर्षाला ३२,३९८ पौंड, तर नव्या असोसिएटचा ४३,७४२ पौंडांपासून पुढे. म्हणजे कमी पगाराचा, स्वतः शिकत असलेला डॉक्टर जास्त पगाराच्या सहायकाच्या प्रिस्क्रिप्शनवर सही करणार. यातून जो संताप उसळला तो सगळाच रुग्णांच्या काळजीतून आलेला नव्हता हे मान्य करूनही, ही रचना चुकीची होती हे म्हणावंच लागेल.

सहायकांच्या बाजूचा पुरावा काय आहे? तो आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडायला हवा. इंग्लंडमधल्या १२ दवाखान्यांत झालेला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की असोसिएटने पाहिलेले रुग्ण डॉक्टरने पाहिलेल्यांपेक्षा जास्त प्रमाणात परत आले नाहीत. तपासणीला सरासरी सहाएक मिनिटं जास्त लागली, तरी मजुरीचा खर्च कमी पडला. त्या खर्चात देखरेख करणाऱ्याचा वेळ किती धरला, हे मात्र वाचकाने नीट पाहावं. तातडीच्या विभागाबद्दलचा महत्त्वाचा अभ्यास २०२० चा : तीन रुग्णालयं, ८,८१६ रुग्ण, ४० शिकाऊ डॉक्टर आणि ६ असोसिएट. सात दिवसांत पुन्हा विभागात येण्याच्या प्रमाणात दोघांत फरक आढळला नाही. हा निष्कर्ष फार ठिकाणी विजयपत्रासारखा वापरला गेला. पण सहा माणसांवरून हजारोंच्या पेशाबद्दल काय सिद्ध होणार? त्या अभ्यासातली अनिश्चितता इतकी मोठी होती की असोसिएट चांगले असण्यापासून दुपटीहून वाईट असण्यापर्यंत सगळ्या शक्यता तिच्यात मावत होत्या. फरक आढळला नाही याचा अर्थ फरक नाही असा होत नाही. मार्च २०२५ मध्ये ट्रिश ग्रीनहाल्ग आणि मार्टिन मॅकी या संशोधकांनी ब्रिटनमधले २९ अभ्यास तपासून ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हेच मांडलं, आणि लेंग अहवालाचाही सूर असाच आहे : बंद करा म्हणण्याइतका पुरावा नाही, आहे तसंच चालू द्या म्हणण्याइतकाही नाही. माझ्या दृष्टीने या अभ्यासांनी विचारायला हवा होता तो प्रश्न वेगळाच राहिला. असोसिएट विरुद्ध डॉक्टर ही तुलना करण्यापेक्षा, भरपूर देखरेखीतला असोसिएट आणि सहीपुरत्या देखरेखीतला असोसिएट यांची तुलना कुणी केली असती तर आज नियम लिहिणं सोपं झालं असतं.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप असा : तुम्ही नियम कडक कराल, रांगा वाढतील, आणि रांगेतही माणसं मरतात. हे खरं आहे आणि हलक्याने घेण्यासारखं नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार, दाखल होणाऱ्या रुग्णाला विभागात आल्यापासून सहा ते आठ तासांपलीकडे ताटकळावं लागलं, तर अशा दर ८२ रुग्णांमागे एक जादा मृत्यू होतो. त्या आधारावर रॉयल कॉलेजने २०२४ या एका वर्षासाठी इंग्लंडमधल्या अशा मृत्यूंचा अंदाज १६,६०० हून जास्त काढला. पण हा आकडा कुणाच्या खोळंब्याचा आहे ते पाहा. ज्यांना डॉक्टरने पाहिलंय, दाखल करायचं ठरवलंय, पण वर वॉर्डात खाट नाही म्हणून जे कॉरिडॉरमध्ये पडून आहेत, त्यांचा. दारात पाच तपासणारे वाढवून वरच्या मजल्यावर एकही खाट मोकळी होत नाही. उलट अनुभव कमी असलेला माणूस सावधगिरीने जास्त तपासण्या मागवतो, जास्त जणांना दाखल करायला पाहतो, किंवा ज्याला थांबवायला हवं त्याला घरी धाडतो. खाटांचा तुटवडा हा सहायक नेमण्याचा आधार होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप : चुका डॉक्टरही करतात. करतात, आणि नवखे डॉक्टर जास्त करतात. म्हणूनच वर सांगितलेली चार प्रकारच्या रुग्णांची अट सगळ्यांना लागू आहे. फरक इतकाच की नवख्या डॉक्टरमागे पाच-सहा वर्षांचं शिक्षण असतं आणि पुढे शिकण्याची, परीक्षांची, हळूहळू सैल होत जाणाऱ्या देखरेखीची ठरलेली शिडी असते. सहायकासाठी अशी शिडीच नव्हती. पहिल्या दिवसाचा आणि आठव्या वर्षाचा असोसिएट कागदावर सारखेच होते. लेंग अहवालाने अनुभवी सहायकांसाठी वरची पायरी सुचवली आहे, आणि नव्यांनी प्राथमिक सेवेत जाण्याआधी किमान दोन वर्षं रुग्णालयात काढावीत असंही म्हटलं आहे. या दोन्ही सूचना योग्य आहेत, पण त्यात एक धोका मला दिसतो : ती दोन वर्षं काढायला हे नवखे रुग्णालयाच्या ज्या दारात जाणार, त्यांतलं सर्वांत गजबजलेलं दार कॅज्युअल्टीचं आहे.

हा सगळा डॉक्टरांचा आपली जागा राखण्याचा खटाटोप आहे, असंही म्हटलं जातं. त्यात तथ्य नाही असं नाही. २०२५ मध्ये विशेषज्ञ प्रशिक्षणाच्या सुमारे १०,००० जागांसाठी ३०,००० वर डॉक्टर रांगेत होते. अशा वेळी दुसऱ्या वर्गाच्या वाढीकडे ते मायेने पाहतील ही अपेक्षा चूक आहे. पण सांगणाऱ्याचा स्वार्थ असला म्हणून सांगितलेली गोष्ट खोटी ठरत नाही. कोरोनर कुणाच्या संघटनेच्या वतीने निकाल देत नाहीत. मला जास्त अस्वस्थ करतो तो सहायकांच्या बाजूचा अन्याय. चोविशी-पंचविशीची मुलं कर्ज काढून हा अभ्यासक्रम करतात. त्यांना सांगितलं जातं की तुम्ही डॉक्टरच्या पंखाखाली काम कराल. मग पहिल्याच हिवाळ्यात त्यांना गच्च भरलेल्या विभागात डॉक्टरच्या जागी उभं केलं जातं, आणि काही बिघडलं की अख्ख्या देशाचा राग त्यांच्यावर निघतो. नाव बदलल्याने त्यांची मानहानी झाली असं त्यांच्या संघटनेला वाटतं, आणि त्यांनी अहवालाला कायदेशीर आव्हानही दिलं. मला वाटतं, त्यांनी खरा दावा लावायला हवा तो मोकळ्या वरिष्ठासाठी. तो दिला गेला असता तर त्यांच्यातल्या कुणाच्या वाट्याला ते कोरोनरचं कोर्ट आलं नसतं.

मग तातडीच्या विभागातले कामाचे नियम कसे असावेत? ज्याचं निदान झालंय त्याचं पुढचं काम सहायकाने मोकळेपणाने करावं : टाके, प्लास्टर, सलाइन, रक्ताचे नमुने, कॅथेटर, दम्याच्या ओळखीच्या रुग्णाला औषधानंतर पुन्हा पाहणं, डिस्चार्जचे कागद, घरच्यांना समजावणं. हे काम दुय्यम नाही. दर चार-सहा महिन्यांनी बदलणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांपेक्षा वर्षानुवर्षं एका विभागात राहिलेला सहायक ते जास्त चांगलं करतो आणि वरिष्ठाचे तास वाचवतो. छातीदुखी, पोटदुखी, धाप, डोकेदुखी, शुद्ध हरपणं, तान्ही बाळं, गरोदर बाया, आणि ‘नुसतं बरं वाटत नाही’ म्हणणारे वृद्ध यांना मात्र आधी डॉक्टरनेच पाहावं. सहायकाने तपासलेल्या कोणत्याही रुग्णाला घरी पाठवण्याआधी अनुभवी डॉक्टरने खाटेपाशी जाऊन पाहावं, आणि पाहिल्याची वेळ स्वतःच्या हाताने लिहावी. वेळेशिवायची सही ग्राह्य धरू नये. आणि सर्वांत महत्त्वाचं : प्रत्येक सहायकामागे वरिष्ठाचे किती तास राखले आहेत ते तक्त्यात छापलेलं असावं, आणि ज्या पाळीत ते तास भरलेले नाहीत त्या पाळीत सहायकाने नवा रुग्ण घेऊ नये. हे महाग पडेल. सहायकाच्या पगारात वरिष्ठाचे दोन तास मिळवले की स्वस्त मनुष्यबळाचा हिशेब बदलतो, आणि कदाचित काही रुग्णालयं म्हणतील की त्यापेक्षा डॉक्टरच नेमू. तसं ठरलं तर ते खरी किंमत पाहून ठरेल.

हा वाद परका म्हणून बाजूला ठेवण्याची चैन आपल्याला नाही. भारतात फिजिशियन असिस्टंटचं शिक्षण १९९२ साली चेन्नईत डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने सुरू झालं, आणि २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या केंद्रीय कायद्याने या वर्गाला यादीत स्थान दिलं. त्याआधी २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३२ ने ‘कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर’ नावाच्या मधल्या वर्गाला मर्यादित परवाना देण्याची तरतूद केली, आणि त्यात म्हटलं की प्राथमिक व प्रतिबंधक सेवेबाहेर त्यांनी नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखालीच औषध द्यावं. देखरेख म्हणजे काय, किती अंतरावरून, किती जणांवर एक डॉक्टर, हे कलम सांगत नाही. इंग्लंड नेमकं याच जागी फसलं. असा वर्ग निरुपयोगी असतो असं मुळीच नाही. छत्तीसगडमध्ये तीन वर्षांचा अभ्यासक्रम केलेल्या ग्रामीण वैद्यकीय सहायकांची प्राथमिक केंद्रांतल्या नेहमीच्या आजारांबाबतची कामगिरी एमबीबीएस डॉक्टरांच्या तोडीची असल्याचं २०१० च्या अभ्यासात दिसलं होतं. ओळखीचे आजार, लिहिलेली कार्यपद्धती, ठरलेली औषधं : तिथे हा वर्ग उत्तम काम करतो. कॅज्युअल्टीचं दार वेगळं आहे.

आणि महाराष्ट्रातल्या खासगी रुग्णालयांच्या त्या दारात रात्री कोण उभं असतं हे सर्वांना ठाऊक आहे. आरएमओ म्हणून ड्यूटी करणारे पुष्कळसे बीएएमएस किंवा बीएचएमएस पदवीधर असतात. १०८ च्या रुग्णवाहिकेतही बहुधा आयुर्वेदाचे पदवीधरच रुग्णाजवळ असतात. त्यांच्या कष्टांवर राज्याची रात्र निघते, आणि त्यांच्याबद्दल तुच्छतेने बोलणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण होमिओपॅथीच्या पदवीधरांना आधुनिक औषधं देण्याची मुभा देणारी राज्याच्या कायद्यातली २०१४ ची दुरुस्ती, त्यांच्यासाठी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, त्यांची वैद्यक परिषदेतली नोंद, आणि तिच्याविरुद्ध सप्टेंबर २०२५ मध्ये डॉक्टरांनी केलेला संप, या सगळ्या झगड्यात भांडण झालं ते नोंदवही कुणाची आणि पदवी कुणाची यावर. रात्री अडीच वाजता आरएमओने पाहिलेला पोटदुखीचा म्हातारा घरी जाण्याआधी कोणता वरिष्ठ उठून येऊन पाहील, आणि त्या वरिष्ठाचे ते तास कोण मोजेल, हे कुणी विचारलं नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषदेने आणि आरोग्य विभागाने ते विचारावं. शुश्रूषागृहांच्या नोंदणीच्या अटींत सत्तरीपुढची पोटदुखी, तिशीपुढची छातीदुखी, तापाचं तान्हं बाळ आणि ७२ तासांत परत आलेला रुग्ण या चौघांना वरिष्ठाने प्रत्यक्ष पाहिल्याची वेळेसह नोंद सक्तीची करायला नवा कायदा लागत नाही. आणि तोवर, घरच्या माणसाला रात्री कॅज्युअल्टीत न्यावं लागलं तर वाचकांनी संकोच न करता दोन प्रश्न विचारावेत : आत्ता तपासताय ते तुम्ही कोण, आणि घरी सोडण्याआधी कोणते मोठे डॉक्टर येऊन पाहणार आहेत?